न कापलेली पानं

सकाळी मी ऑफिसला निघताना बाबांनी हाक मारली. लिलावातून मागवलेलं पुस्तक आलं होतं, अठराव्या शतकातल्या इंग्रज पुराणवस्तुसंशोधकाच्या संग्रहातलं. पानांच्या कडा घडीत अजून जोडलेल्याच होत्या; तेव्हाची पुस्तकं वाचणाऱ्यानंच कापून उघडायची असत. “हजारो पुस्तकं जमवली लेकाच्यानं, पण हे उघडायला सवड झाली नाही! तू पानं काप, मी वाचतो,” म्हणत त्यांनी कागद कापायची सुरी पुढे केली. “रविवारी नक्की, बाबा.” “तोही हेच म्हणाला असणार,” ते हसले. दुपारी पॅरामॅटा उपनगरातल्या माझ्या ऑफिसात फोन आला. बाबा खुर्चीतच गेले होते. पुस्तक मांडीवर, तसंच. आज जुन्या पुस्तकांचा विक्रेता बाबांचा संग्रह न्यायला आला. “ह्याची पानं कापू नका,” तो म्हणाला, “न कापलेल्यालाच मागणी असते.” मी पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, बाबांच्या खुर्चीसमोर बसले आणि सुरी पहिल्या घडीत सरकवली. “बाबा,” मी मोठ्यानं म्हणाले, “वेळ आहे मला. वाचा.”