न पाहिलेली किक

अमेरिकन फुटबॉलचा सामना संपायला तीन सेकंद. पाहुणा संघ दोन गुणांनी मागे. बॉल खांबांमधून गेला तर तीन गुण. पाहुण्यांचा वेंडेल गोठलेल्या गवतावर वाकला. पायांमधून बॉल मागे फेकायचा, एवढंच त्याचं काम. किक मारणार दुसरा, टाळ्याही त्यालाच. मागच्या रविवारी त्यानं फेकलेला बॉल वाकडा गेला, तेव्हा चौदा वर्षांत पहिल्यांदा पेपरात वेंडेलचं नाव आलं. “आज चुकलास तर उद्या येऊ नकोस,” कोचनं बजावलेलं. “आजोबा, कंबर मोडतो तुमची,” समोरचा धटिंगण गुरगुरला. “मोड बाबा, निम्मी आधीच मोडलीय.” बॉल सुटला आणि तिघे अंगावर कोसळले. मागे किकचा धप्प आवाज झाला. सत्तर हजारांचं स्टेडियम गप्प झालं. “गेला का रे?” त्यानं गवतातूनच विचारलं. पाठीवरच्या धटिंगणानं सुस्कारा टाकला, “गेला, आजोबा. उठा.” “थांब जरा. उठलो की पुढच्या रविवारी परत वाकावं लागेल.”