सेंद्रिय पाणी

कंपनीचं सांडपाणी विहिरीत झिरपतंय या धास्तीने सगुणा गरोदर सुनेसाठी लांबून, दुखऱ्या पायांनी, हंडा आणायची. एके दिवशी दीर जनू पंचायतीचा फळा वाचून आला.

"वयनी, आपल्या विहिरीचं पाणी तपासलं. सेंद्रिय घटक भरपूर हायत!"

"म्हंजे त्या महागाच्या तांदळासारखं?"

"व्हय तर! आता कशाला वणवण?"

महिन्याभराने रोह्याच्या प्रयोगशाळेतली ऋजुता पुन्हा नमुना घ्यायला आली. "काकी, फळ्यावरचे ते सेंद्रिय घटक म्हणजे कंपनीतली रसायनं. पोटातल्या बाळाला तर विषच. कुणी पीत नाही ना?"

तेवढ्यात सून दिपिका हसत पेला घेऊन बाहेर आली.

"घ्या ताई, विहिरीचंच हाय. आई मला रोज तांब्याभर जास्तीचं पाजतात."