फाटकावरची फुंकर

सायकलसहलीहून शहराकडे परतताना कारखान्यांचा पट्टा लागला. दुर्गंधी लवकर मागे पडावी म्हणून दिगंबररावांनी जीव खाऊन सायकल हाणली. त्यांची बायको कुमुद रमतगमत मागून आली. शहराच्या फाटकावर दोघांनी श्वास तपासायच्या नळीत फुंकलं. तिच्यासाठी फाटक उघडलं, त्यांच्यासाठी नाही.

"धापा टाकत आलात ना काका? छातीत विष भरलंय," पहारेकरी म्हणाला. "श्वास निवळेपर्यंत इथंच थांबा."

"तरी सांगत होते, हळू चला!" पलीकडून कुमुद रडकुंडीला येऊन ओरडली.

"पण याच हवेत श्वास निवळणार कसा?" दिगंबररावांनी विचारलं.

पहारेकऱ्याने बाकावर सरकून त्यांना जागा करून दिली. भिंतीला टेकलेल्या गंजक्या सायकलकडे पाहत तो म्हणाला, "ती माझी. मीपण एका दिवसाच्या सहलीलाच निघालो होतो."