दोनदा चुटकी

वीटभट्टीवरच्या कामगाराला अनोळखी तापाने अलगीकरण कक्षात ठेवल्याचा निरोप आला, तशा गेडाम सिस्टर उठल्या. दाराशी थांबून त्यांनी दोनदा चुटकी वाजवली आणि सरळ आत शिरल्या.

सहा वर्षं साथीची तालीम आभासी दृश्यं दाखवणाऱ्या चष्म्यातच होत होती. चष्मा चढवला की समोर खोटा रुग्ण यायचा. दोनदा चुटकी वाजवली की मास्क, हातमोजे, गाऊन सगळं चुटकीसरशी अंगावर. सरावासाठी खरी किटं फाडणं म्हणजे उधळपट्टी, असं साहेबांचं म्हणणं. या तालमीत गेडाम सिस्टरांचा तर जिल्ह्यात पहिला नंबर होता.

काचेपलीकडून नवी नर्स पल्लवी जीव तोडून ओरडली, "सिस्टर, किट!"

"घातलंय गं," म्हणत त्या रुग्णाला बसवायला वाकल्या. तो खोकला. त्यांच्या गालावर काहीतरी कोमट, ओलं उडालं.

चष्म्यातला खोकला कधीच ओला नव्हता.

सिस्टरांनी गालाला हात लावला आणि त्या उघड्या हाताकडे बघत राहिल्या. मग जाऊन त्यांनी दाराला आतून कडी घातली. मागे तो माणूस धापा टाकत होता.

"तू अशी येऊ नकोस," त्या काचेआडून म्हणाल्या. "आधी कपाटातलं किट घाल. खरं."

पल्लवीने कपाट सताड उघडलं आणि तिथेच खिळली.

"सिस्टर," ती म्हणाली, "यात सगळे चष्मेच आहेत."