समोरचा पक्ष

शेजारपाजारचे भूगोलाच्या बाईंना तोंडावर 'बाई' म्हणायचे आणि पाठीमागे 'तबकडीबाई'. निवृत्त झाल्यापासून त्या सरकारच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. परग्रहावर जीव आहेत हे सरकारला ठाऊक असेल, तर लोकशाहीत ते जनतेपासून लपवणं कायदेशीर कसं? सरकारचं पालुपद एकच, "असं काही नाहीच."

आज त्यांच्या याचिकेची शेवटची सुनावणी होती. बाईंच्या शेजारी त्यांचा नवरा देव पाण्यात घालून बसला होता.

सरकारी वकील उठले. माणूस हुशार, पण जिंकायची भारी खुमखुमी. "महोदय, ही गुप्तता पूर्ण कायदेशीर आहे. करारातच तशी अट आहे. ती मोडली तर समोरचा पक्ष बोलणी थांबवेल."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "करार कोणत्या देशाशी झालाय?"

"देशाशी नाही, महोदय," वकील बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

न्यायाधीशांनी वर छताकडे बघितलं. मग सावकाश म्हणाले, "दिलेला शब्द पाळायला हवा. गुप्तता कायदेशीर आहे. याचिका फेटाळली."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "हरलो गं आपण."

"हरलो कसले? जे नाहीतच, त्यांना दिलेला शब्द पाळा म्हणून खुद्द कोर्टानं सांगितलंय!" बाई ताठ मानेनं उठल्या. "चला घरी. आजपासून मला तबकडीबाई म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा म्हणावं. पण तोंडावर!"