ठसका

केडगावच्या वर्गात रुग्णसेवेचं प्रात्यक्षिक चाललं होतं. गादीवर आडवा पुतळा, शेजारी वाटीत पेज. "लकवा झालेल्या माणसाला कोण भरवून दाखवतंय?" बाईंनी विचारलं. जया लगबगीनं उठली. वडलांना तिनं वर्षभर भरवलं होतं. ते गेले तेव्हा अख्खं गाव म्हणालं, "लेक असावी तर अशी." त्याच बोलानं तिला इथवर आणलं होतं. तिनं चमचा पुतळ्याच्या तोंडाला लावला. "थांब!" बाई ओरडल्या. "आधी उठवून बसवायचं. आडव्याला भरवलं की पेज फुप्फुसात उतरते, माणूस दगावतो." "पन वळखायचं कसं, बाई?" मागून एकीनं विचारलं. "घासागणिक ठसका लागतो." जयानं चमचा वाटीत परत ठेवला. वडलांनाही लागायचा. वाचा गेलेली, ते नुसते डोळे मोठे करून तिच्याकडं बघायचे. ती हसून म्हणायची, "कोन एवढी आठवन काढतंय, आबा?" आणि पुढचा चमचा भरवायची.