तीन ओहमच्या खाली

टक्. गाणं पुन्हा त्याच जागी बंद पडलं.

"बघा," तो म्हणाला. "खर्जातला ठोका आला की हा अ‍ॅम्प्लिफायर माघार घेतो. तुम्ही आणलेला पहिलाही घ्यायचा. दुसऱ्याने घेतली नाही, पण तो सर्दी झाल्यासारखा वाजायचा."

दुकानातून आलेला तंत्रज्ञ जमिनीवर मांडी घालून बसला होता. त्याने अ‍ॅम्प्लिफायर बंद केला आणि जरा थांबून परत चालू केला. घरी वाजवून बघा, पटला तर ठेवा, असं दुकानाचं धोरण होतं. या गिऱ्हाइकाने त्या धोरणाचा पार पिट्टा पाडला होता.

"साहेब, ऐंशी वॉटचा आहे. एवढ्याशा खोलीला डोक्यावरून पाणी."

"वॉटचा प्रश्नच नाही. हे स्पीकर नावाला चार ओहमचे. खालच्या स्वरांवर त्यांचा रोध तीनच्याही खाली जातो. त्या क्षणी ते भसाभस करंट मागतात आणि तुमचा हा घाबरून स्वतःला बंद करून घेतो."

"घाबरून नाही हो, जपतो स्वतःला. जळण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं."

"म्हणजे अगदी तुझ्याच वळणावर गेलाय," ताई म्हणाली. ती त्याची मोठी बहीण. सामान लावून द्यायला आली होती आणि आता एका न उघडलेल्या खोक्यावर बसली होती. खोलीत खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर वायरींचं भेंडोळं होतं.

तंत्रज्ञाने कपाळ पुसलं. "मग इतके दिवस हे वाजत कशावर होते? तोच काढा की बाहेर. वहिनींनी टाकला असेल कुठे माळ्यावर."

तो मात्र वायरीचं टोक बोटांत पिळत राहिला.

"माळ्यावर नाही," ताई म्हणाली. "वहिनींकडेच आहे, त्यांच्या घरी. स्पीकर याने घेतले होते, अ‍ॅम्प्लिफायर तिने. वेगळं होताना ज्याचं त्याने उचललं. वकिलाला भांडायला काही ठेवलंच नाही, इतकी शहाणी माणसं."

"आणि त्यांच्याकडे स्पीकर?"

"नाहीत. तिकडे तोंड नाही, इकडे दम नाही."

"ताई, पुरे."

तंत्रज्ञ ओशाळला. हातातला पेचकस त्याने उगाच पुसला. "तसाच दुसरा शोधू का? मॉडेल कुठलं?"

त्याने सांगितलं.

"ते बंद झालं. मग त्याच्या तोडीचा बघावा लागेल. दोन ओहमला किती वॉट देतो ते त्याच्या मागच्या पट्टीवर असेल. तेवढा आकडा मिळाला तर बरं, नाहीतर आपला अंधारात दगड मारणं चाललंय. मी चौथा आणेन, पाचवा आणेन. मला काय, गाडी दुकानाची."

त्याने आठवून पाहिलं. स्पीकरचा प्रत्येक आकडा त्याला तोंडपाठ होता. हा मात्र आठवेना. तो अ‍ॅम्प्लिफायर होता तेव्हा गाणं कधी अडलंच नव्हतं, मग मागे वाकून बघतो कोण.

"कर फोन," ताई म्हणाली.

"नाही करणार."

"अरे, आकडा तर विचारायचाय. संसार नाही मागायचा."

"ताई, तिला एकही फोन न करता हे घर लावायचंय मला. एवढी एकच गोष्ट धड करायची होती."

"मग बस असाच, टक्‌टक् ऐकत."

त्याने चिडून गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. आवाज कमी केला. अजून कमी केला. ठोका आला. टक्.

त्याने फोन उचलला आणि खिडकीपाशी गेला. तिकडून तिने लगेच घेतला. तो हॅलोसुद्धा म्हणाला नाही.

"अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे पट्टी आहे. दोन ओहमपुढे काय लिहिलंय तेवढं सांग. काम आहे."

"बरं," ती म्हणाली. "थांब, वळवते. जड आहे मेला." मग एकदम, "आई गं!"

"काय झालं?"

"काही नाही. चटका बसला बाजूच्या तापलेल्या पात्यांचा."

"चटका? चालू आहे तो?"

"हो."

"दुसरे स्पीकर घेतलेस?"

"नाही."

मागे तंत्रज्ञ वायरी सोडवत होता, ताई खोक्याची चिकटपट्टी नखाने खरवडत होती.

"स्पीकर नसताना लावून ठेवला तर बिघडत नाही तो," शेवटी तो म्हणाला.

"माहितीये. कामावरून आले की लावते. झोपताना बंद करते."

"करंट खातो फुकट."

"खाऊ दे." ती थांबली. "आकडा सांगू?"

त्याने खिडकी लावून घेतली. आकडा तसाच राहिला. तिने फोन बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरवरच टेकवला असावा, कारण ती बोलायची थांबली तेव्हा त्याला आतल्या ट्रान्सफॉर्मरची बारीक, एकसुरी गुणगुण ऐकू यायला लागली.

"साहेब," तंत्रज्ञाने मागून विचारलं, "मग हा नेऊ का ठेवू?"

"मिळाला का रे आकडा?" ताईने विचारलं.

त्याने फोन कानाशी घट्ट धरला आणि दुसरा हात वर करून दोघांना गप्प राहायची खूण केली.